तेल पिवळं झालं नाही

स्नेहलतागंज, इंदूर
१२ नोव्हेंबर १९९९

चिरंजीव गजानन,

पत्र उघडून अक्षर ओळखलंस की लगेच फाडू नकोस. अक्षर मोठं झालंय ते रागानं नाही, मोतिबिंदूनं. या निळ्या अंतर्देशीयावर पूर्वी मी सगळ्या गल्लीची खबर बसवायची. आता तुझं नाव लिहिलं की पाव कागद संपतो.

पत्ता अच्युतनं दिला. दिवाळीला भाचीकडे आला होता, तर आवर्जून घरी येऊन गेला. चकली खाता खाता म्हणाला, "वहिनी, गजूभिया बुऱ्हाणपूरला माझ्याच शेजारच्या लूमवर आहे. बाकी ठीक है. बस, सोता बहुत है. मालकाच्या शिव्या खातो." मी म्हटलं, दारू? तर कानाला हात लावून म्हणाला, "छे हो! पाळी संपली की कापडाच्या गठ्ठ्यावरच आडवा होतो. जेवायलाही उठत नाही."

पाच वर्षांपूर्वी मी हे ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं ते तुला पाठ आहे. आज ते म्हणायला पत्र लिहिलेलं नाही.

परवा भाऊबीज झाली. पाट मांडला नाही. तू दीर, भाऊ नव्हेस, पण सहा वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला ओवाळत आले आणि "वहिनी असून ओवाळते" म्हणून सासूबाई हसायच्या. आता त्या नाहीत, तुझे दादाही नाहीत, हसणारंही कुणी राहिलं नाही.

मला तीन-चार गोष्टींचं उत्तर पाहिजे. झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, की झोपण्याआधी होतं तसंच? उजव्या बरगडीखाली जडजड वाटतं का, दुखत नाही पण काही ठेवल्यासारखं? फोडणीचा वास नकोसा होतो का? हातापायांचे सांधे सकाळी धरतात का? कारण विचारू नकोस. एका कार्डावर हो-नाही लिही, पुरे.

तुझी वहिनी
द्वारका


२६ नोव्हेंबर १९९९

चि. गजानन,

चौदा दिवस झाले. पोस्टमन रोज दारावरून जातो, मी रोज त्याला विनाकारण "काय हो, थंडी पडली" म्हणते. आता तोच लांबून ओरडतो, "आजी, थंडी पडली, चिठ्ठी नाही."

कारण सांगितल्याशिवाय तू उत्तर देणार नाहीस हे मी ओळखायला हवं होतं. लहानपणी एरंडेल पाजतानाही तुला कारण लागायचं. तर ऐक.

डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात. माझं तपासलं आणि डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नंतर, आधी तुकोगंजात अमुक डॉक्टरीणबाईंना भेटा. रुची नाव तिचं. नातीच्या वयाची पोरगी, पण बोलते असं की खुर्चीत टेकून बसावंसं वाटतं. म्हणाली, "आजी, तुम्हाला हेपेटायटिस सी आहे. लिव्हरचा आजार. रक्तातून येतो."

मी म्हटलं, "कावीळ? अगं, माझे डोळे बघ, पांढरे स्वच्छ आहेत. कावीळ मी रस्त्याच्या पलीकडून ओळखते."

ती म्हणाली, "यही तो बात है आजी. हा बहुतेक वेळा पिवळा करतच नाही. दहा-वीस वर्षं गुपचूप बसतो. थकवा येतो, जेवण नको वाटतं, अंग दुखतं, मन उदास राहतं. माणूस म्हणतो, वय झालं. कुणी म्हणतं, टेन्शन आहे. आणि कित्येकांना तर काहीच होत नाही."

घरी आले आणि एक वही केली. शाळा चौथीपर्यंतच, पण वही नीट मांडता येते मला. रोज लिहिते, आज काय झालं, आणि पुढे लिहिते की हे कशाचं. जिना चढताना दम लागला, हे वयाचं. दुपारी भांडी घासता घासता तिथेच भिंतीला टेकून डोळा लागला, हे आजाराचं. सकाळी पावणेसात वाजता काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, हे मिलचं. कापडमिल बंद पडून आठ वर्षं झाली, तरी त्या वेळेला कान भोंगा शोधतात. पण गजू, पुष्कळ गोष्टी अशा आहेत की त्यांच्यापुढे काय लिहावं ते कळत नाही. मिल बंद झाली त्या साली आपल्या गल्लीत कोण थकलेलं नव्हतं? सगळे पुरुष ओट्यावर बसलेले, सगळ्यांची भूक गेलेली, सगळ्यांना दिवसा झोप. त्या गर्दीत एखादा खरंच आजारी असला, तर तो ओळखायचा कसा?

हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. पुन्हा वाच.

कुमुदिनीताईंना सांगितलं, शेजारधर्म म्हणून. दुसऱ्या दिवशी चहाला आल्या त्या स्वतःचा कप पदराखाली घेऊन. म्हणाल्या, "बुरा मत मानना हं द्वारकाबाई, मला माझ्याच कपाची सवय आहे." चाळीस वर्षं माझ्या कपाची सवय होती. मी सांगितलं, कपानं लागत नाही, जेवणानं लागत नाही, जवळ बसल्यानं लागत नाही, रक्त रक्ताला लागलं तरच. तर म्हणाल्या, "हो हो, मला कुठे काय वाटतंय!" आणि कप घेऊन गेल्या. धुवायलासुद्धा ठेवला नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कधी रक्त चढवलं होतं का? मी म्हटलं, आठवत नाही.

तुझी
वहिनी


१४ डिसेंबर १९९९

चि. गजानन,

अजून कार्ड नाही. अच्युतला फोन केला, एसटीडीवरून. म्हणाला, पत्रं मिळाली त्याला, उशाला ठेवलीत, उघडली की नाही ठाऊक नाही. उशाला ठेवलीस ना? मग बोलते.

चौऱ्याण्णव सालचं बोलते, वैशाखातलं. तू कधी बोलला नाहीस, मीही नाही, आणि दादा तर मरेपर्यंत मध्ये पडले नाहीत.

मिल बंद होऊन दोन वर्षं उलटून गेली होती. दादांनी सियागंजात किराण्याच्या पेढीवर पोती मोजायचं काम धरलं होतं. तू मात्र दहा-दहा वाजेपर्यंत अंथरुणात. भोंगा नव्हता, म्हणून मी पितळी थाळी आणि लाटणं घेऊन तुझ्या उशाशी बडवायची, बरोबर पावणेसातला. सगळी गल्ली हसायची. "द्वारकाबाईंची मिल सुरू झाली!" तूही सुरुवातीला हसायचास. मग हसणं बंद केलंस. डोक्यावरून चादर घ्यायचास आणि आतून म्हणायचास, "वहिनी, अंगात जीवच नाही गं."

मला वाटलं कावीळ असेल. खरंच वाटलं होतं, गजू. म्हणूनच रविवारी तुला बसवलं.

सासूबाईंनी मला जे दिलं त्यात सोनं नव्हतं, ती काशाची वाटी होती. रविवारी आणि बुधवारी लोक यायचे, मालवा मिलपासून छावणीपर्यंतचे. डोक्यावर वाटी धरायची, त्यात मोहरीचं तेल, दूर्वांच्या जुडीनं ढवळत राहायचं. तेल पिवळंजर्द झालं की कावीळ आहे आणि उतरली. नाही झालं तर कावीळ नाही. मी कधी कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. हात माझा चांगला, असं लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. आता लपवून काय करू.

त्या दिवशी अंगणात सात-आठ माणसं होती. तुझं डोकं माझ्या गुडघ्याशी. मी ढवळते आहे, ढवळते आहे, आणि तेल आपलं जसंच्या तसं. पाव तास झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "काकी, इसको तो कुछ नहीं है."

आणि मी म्हटलं... तुला शब्द न् शब्द आठवत असेल, तरी माझ्या हातानं लिहिते. मी म्हटलं, "काही नाही झालेलं याला. तेल खोटं बोलत नाही. आळस आहे, आणि आळस उतरवायची वाटी माझ्याकडे नाही."

सगळे हसले. तू उठलास, केसांतून तेल ओघळत होतं, पुसलंही नाहीस. म्हणालास, "ठीक आहे वहिनी. तेल म्हणतंय तर असेल." संध्याकाळी घरात तुझी ट्रंक नव्हती. दादा गेले तेव्हा स्मशानात आलास, काठावर उभा राहिलास, तिथूनच परत गेलास. घराचा उंबरा शिवला नाहीस.

डॉक्टरीणबाईंना मी वाटीचं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. एवढंच विचारलं, "आजी, तेल कशानं पिवळं होतं?"

चाळीस वर्षं ती वाटी हातात धरली. गजू, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मागच्या रविवारी एक बाई पोराला घेऊन आली. डोळे हळदीसारखे झालेले. मी तिला दारातूनच म्हटलं, आधी दवाखान्यात जा, रक्त दाखव. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच तिला दारातून हाकललं. बुधवारी कुणी आलं नाही. या रविवारीही नाही. गल्लीत बातमी गेली, द्वारकाबाईंचा हात गेला. आता आठवड्यातले दोन दिवसही बाकीच्या पाच दिवसांसारखेच झाले.

तू आळशी नव्हतास. चुकलं माझं, तेलाचं नाही.

वहिनी


३ जानेवारी २०००

गजू,

नवीन साल म्हणून गल्लीतल्या पोरांनी फटाके उडवले. माझ्याकडे कॅलेंडर अजून जुनंच आहे.

मागच्या पत्रात सगळं कबूल केलं असं वाटलं होतं. नाही केलं. अर्धं ठेवलं होतं, आणि ते तसंच ठेवायचं ठरवलं होतं. पण परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आठवत नाही म्हणता, पण पोटावर ऑपरेशनचा व्रण आहे. ते कधीचं?"

शहाऐंशीचं. पिशवी काढली तेव्हाचं. रक्त थांबत नव्हतं. दादा बाहेर भिंतीला डोकं टेकून उभे. कुणीतरी मिलमध्ये सांगितलं, आणि तू सूतकताईच्या रिंग खात्यातून तसाच धावत आलास, केसांत कापूस घेऊन. नर्स ओरडली, "अरे, पहिले नहाके आओ!" तू म्हणालास, "सिस्टर, रक्त आत आहे, कापूस वर आहे." ते वाक्य दादा अगदी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे.

दोन बाटल्या चढल्या. एक तुझी. दुसरी हॉस्पिटलनं कुठून तरी आणलेली, कुणाची ते माहीत नाही. त्या काळी या आजाराला नावही नव्हतं, तपासणार कोण?

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, एक बाटली माझ्या दिराची होती. त्यांनी विचारलं, त्यांना कधी रक्त दिलं होतं? मी सालासकट सांगितलं. एकोणऐंशीला तुझा हात मशिनीत आला होता, तुला तीन बाटल्या चढल्या होत्या. मीच तर शेजारी बसून थेंब मोजत होते.

त्या म्हणाल्या, "कुणाच्या बाटलीतून आलं, सांगता येणार नाही. पण त्यांचं रक्त तपासायलाच हवं. ते थकतात का?"

मला हेच तुला सांगायचं नव्हतं. पहिल्या पत्रापासून मी याच्याभोवती फिरते आहे. कारण तुला मी ओळखते. तू म्हणशील, मी वहिनीला विष दिलं. आणि मग तपासायला न जाता तिथेच गठ्ठ्यावर पडून राहशील, शिक्षा भोगल्यासारखा.

म्हणून आता सरळ लिहिते. ती बाटली मिळाली नसती तर मी त्याच संध्याकाळी गेले असते. डॉक्टर तसं दादांना म्हणाले होते. त्यानंतर मी तेरा वर्षं जगले. दादांना त्यांच्या शेवटच्या दिवसांत पेज भरवायला मी होते. तुझ्या बाटलीत काही असलंच, तर या तेरा वर्षांच्या सोबत आलं. मी कुठून आणि काय काय निवडून टाकू?

तू तपासून घे. हा आजार आता लवकर कळला तर लिव्हर सांभाळता येतं. माझं अजून सांभाळून आहे, सोनोग्राफी केली. औषधाची इंजेक्शनं आहेत, ती अंगावर येतात म्हणे, सगळ्यांना झेपत नाहीत, माझं काय करायचं ते मार्चमध्ये ठरेल. तोवर त्यांनी सांगितलंय, दारूचा थेंब नको, दाढीचं पातं कुणाला द्यायचं नाही, घ्यायचं नाही, आणि झोप आली की झोपायचं. हे शेवटचं मी कागदावर लिहून घेतलं. म्हटलं, "म्हणजे झोपणं औषध आहे?" म्हणाल्या, "औषध नाही आजी. पण गुन्हा नक्कीच नाही."

तुझी वहिनी


१७ जानेवारी २०००

गजू,

संक्रांत झाली. तिळाचे लाडू केले, हात दुखले म्हणून लहान वळले. कुमुदिनीताईंकडे घेऊन गेले, त्यांनी दोन्ही हातांनी घेतले आणि फडताळावर ठेवले. काल बघितलं, लाडू तसेच होते.

म्हणून बाकीचे तुला पाठवते, अच्युतच्या चुलतभावाबरोबर. तू खा की न खा, पण फडताळावर ठेवू नकोस.

वाटी मी राखेनं लख्ख घासली. उलटी करून ठेवली आहे. तिला काय करावं ते ठरत नाही. टाकवत नाही, आणि सुलटी बघवत नाही.

आज वहीत एवढंच लिहिलं: दिवसभर कुणाशी बोलले नाही. पुढे काय लिहावं, वयाचं, आजाराचं की मिलचं? तुझं, असं लिहिलं. मग खोडलं.

वहिनी


११ फेब्रुवारी २०००

बाळ गजानन,

पोस्टमन आज गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला, "आजी, आ गई! आ गई!" कुमुदिनीताई सुद्धा बाहेर आल्या. चष्मा मिळेना, तर त्यांनीच वाचून दाखवलं, मोठ्यानं, अख्ख्या ओट्यासमोर. पोस्टकार्डच ते, त्यात लपवायचं काय. पण दुसऱ्या ओळीनंतर त्यांचा आवाज बारीक झाला.

तू लिहिलं आहेस: "वहिनी, जळगावला जाऊन तपासून आलो. आहे. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ जुना आहे, लिव्हरला थोडी सूज आहे, पण वेळेवर आलात. मालकाला कागद दाखवला. म्हटलं, बघा, मी आळशी नाही, लिहून मिळालंय. तो हसला. मीपण हसलो. मग गठ्ठ्यामागे जाऊन रडलो. तुला माझ्यामुळे लागलं. तुला तोंड कसं दाखवू? लाडू लहान होते. गजानन."

कार्ड वाचून झाल्यावर कुमुदिनीताईंनी ते माझ्या हातात ठेवलं. आत गेल्या. माझ्या मोरीवरचा कप उचलला, माझा, आणि स्वतःच चहा करून त्यातून प्यायल्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी तुला सात-आठ माणसांसमोर आळशी म्हटलं, आणि तोंड दाखवायची लाज तुला? तू मला रक्त दिलंस आणि मी तुला तेल लावून बाहेर काढलं. दोघांनी हिशेब मांडला तर मलाच तोंड झाकावं लागेल. तेव्हा तो विषय इथेच संपला. तोंड दाखवायला येऊ नकोस. झोपायला ये.

खरंच सांगते. लूमची पाळी सोडून महिनाभर ये. डॉक्टरीणबाई तुलाही बघते म्हणाल्यात, आपण दोघं एकाच दिवशी जाऊ. अच्युत तुला खंडव्यापर्यंत सोडेल, पुढची बस थेट आहे.

आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, दादांच्या पलंगावर अंथरूण घातलं आहे. खिडकीला जाड पडदा लावलाय, सकाळचं ऊन येऊ नये म्हणून. पितळी थाळी कुमुदिनीताईंच्या सुनेला दिली, पापड वाळवायला. ती म्हणाली, "काकी, ये तो बहुत बजती है." मी म्हटलं, आता नाही वाजणार.

आणि वाटीचं ठरलं. सासूबाई दमल्या की मी त्या वाटीनं त्यांचे तळपाय घासायची, तूप लावून, तुला आठवत असेल. त्यांना त्यानं झोप लागायची. तेव्हा तूप कोणत्या रंगाचं झालं, हे कुणी बघत नव्हतं. ती सुलटी करून फडताळावर ठेवली आहे, शेजारी तुपाची लहान बुधली.

दुपारी ये, रात्री ये, पहाटे पावणेसातला ये. दार नुसतं लोटलेलं असेल. सरळ आत जाऊन आडवा हो. तुला कुणी उठवणार नाही.

तुझी वहिनी
द्वारका